बशीचा काठ

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून जो येतो तो तुमचं कौतुक करून जातो. किती शांत होत्या, कधी कुणाला शब्दाने दुखावलं नाही, कुणाशी वाद म्हणून घातला नाही. मी पाण्याचा पेला पुढे करते आणि ऐकून घेते. तुम्ही वाद घातला नाही? आपल्या शेडच्या पत्र्याला तोंड असतं तर त्याने सांगितलं असतं.

गेलेल्या माणसाच्या अंगाला नसलेले गुण चिकटवतात हे काही मला नवीन नाही. पण तुमच्याबद्दल तसं ऐकलं की राग येतो. कारण आपलं भांडण अजून चालू आहे. एका बशीच्या काठावरून आपण दोघी हिवाळाभर भांडत होतो आणि तुम्ही मधेच उठून गेलात. तुम्ही केलेलं त्या बशीचं प्लास्टरचं मॉडेल शेडमध्ये टेबलावर तसंच राहिलं. त्याचा साचा काढायचा होता. काठ तसाच ठेवून काढायचा की तासून, एवढंच ठरायचं बाकी होतं. ते ठरवायचं आता माझ्या एकटीवर आलं, आणि एकटीने काही ठरवायची सवय तुम्ही मला लावलीच नाहीत.

तुमच्या फोटोखाली नाव काय लिहायचं म्हणून जयंतीभाई विचारायला आले होते. इतकी वर्षं आपल्या साच्यांत माती ओतणारा माणूस, पण त्यांना तुमचं नाव माहीत नव्हतं. "बेन, वन्साबेननुं आखुं नाम शुं हतुं?" मी म्हटलं, कुमुद. ते मान हलवून म्हणाले, "कुमुदबेन? ना, ए तो वन्साबेन ज हतां."

चूक माझीही नाही आणि त्यांचीही नाही. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मी रीतीप्रमाणे नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणत होते. दिवसभर माझं 'वन्सं, अहो वन्सं' चालायचं, आणि ऐकणाऱ्या गुजराती माणसांना वाटलं हेच तुमचं नाव. प्लास्टरची पोती देणारा, गॅसवाला, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला, सगळ्यांच्या तुम्ही वन्साबेन झालात. तुम्ही कुणाला दुरुस्त केलं नाहीत. एकदा फोन उचलून स्वतःच म्हणालात, "हा, वन्साबेन बोलुं छुं." मला इतकं हसू आलं की हातातली प्लास्टरची बादली खाली ठेवावी लागली, आणि तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवून मला डोळे वटारलेत. म्हणजे अख्ख्या बडोद्याच्या तुम्ही नणंद होऊन बसला होतात आणि बडोद्याला ते ठाऊक नव्हतं.

आता मात्र त्या शब्दाचं काय करायचं ते कळत नाही. ताई म्हणायला, काकू म्हणायला आणखी कोणी ना कोणी असतं. मला नणंद एकच होती. वन्सं हा शब्द माझ्या तोंडून दुसऱ्या कुणासाठी निघायचाच नाही. अजून चुकून निघतो. परवा तुरीचे दाणे सोलताना निघाला. बाजूच्या खोलीतून तुमचे धाकटे बंधू, म्हणजे हे, म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना ऐकू गेलं होतं हे मला माहीत आहे.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कराडच्या घरी. तुम्ही भावासाठी मुलगी पाहायला आला होतात. आईने ठेवणीतल्या कपबश्या काढल्या होत्या. हे कपाचा कान चिमटीत धरून चिमणीसारखा चहा पीत होते. तुम्ही सरळ चहा बशीत ओतलात, फुंकर घातलीत आणि सुर्रकन प्यायलात. माझी काकू तुमच्याकडे बघतच राहिली. आमच्याकडे बशीतून पिणं म्हणजे गावंढळपणा समजायचे, आणि इथे वरपक्षाची बाई भर बैठकीत आवाज करत पीत होती. बशी रिकामी झाल्यावर तुम्ही ती उलटी करून पाहिलीत, काठावरून बोट फिरवलंत आणि मला उद्देशून पहिलं वाक्य बोललात, "ही प्यायला साव नकामी आहे. चहा कोपरापर्यंत येतो." साव म्हणजे अगदी, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं, ही मुलगी बघायला आली आहे की कपबशी? रात्री आईने विचारलं, स्थळ कसं वाटलं. मी सांगितलं, नणंद चांगली आहे.

बडोद्यात आले तेव्हा मी फार एकटी पडले होते. यांची रिफायनरीत पाळी, कधी दिवसा तर कधी रात्री. घरी असले की झोपलेले. बाहेर पडलं की गुजराती, आणि माझ्या तोंडून एक वाक्य धड निघायचं नाही. तुम्ही तेव्हा क्रोकरीच्या कारखान्यातली मॉडेल करण्याची नोकरी सोडून करजणच्या रस्त्यावर ती शेड घेतली होती. घरच्यांच्या मते ते वेडच होतं. एक दिवस तुम्ही पायात चपला घालता घालता म्हणालात, "घरात बसून भिंती किती मोजशील? चाल शेडवर." मला वाटलं झाडलोट करायला नेताय.

तुम्ही मला पहिल्यांदा प्लास्टर कालवायला शिकवलंत. पाण्यात प्लास्टर सोडायचं, प्लास्टरवर पाणी नाही. आपोआप भिजू द्यायचं, मग हात तळाशी ठेवूनच ढवळायचं, म्हणजे हवा शिरत नाही. ओतून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता त्याच्यावर हात ठेवून बस. गरम झालं की समजायचं, लागलं, म्हणजे घट्ट झालं." मी बसले. थोड्या वेळाने ते पांढरं थंडगार काहीतरी आतून तापायला लागलं. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. परक्या गावात हाताला कशाची तरी ऊब लागत होती. तुम्ही बघितलंत आणि पाठ फिरवून कपाट आवरायला लागलात. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, नाटकं करू नकोस.

मग आपली वाटणी ठरली. मॉडेल तुमचं, साचा माझा. तुम्ही चाकावर प्लास्टरचा गोळा फिरवत लोखंडी पत्तीने वस्तू कातायचात. वाडगा, बरणी, केटली, जे असेल ते. मी त्या मॉडेलला, चिकटू नये म्हणून, साबणाचे हात देऊन वर प्लास्टर ओतायची आणि साचा काढायची. मग साच्यात जयंतीभाई पातळ माती ओतायचे. साचा तिच्यातलं पाणी पितो, भिंतीला मातीचा थर धरतो, उरलेली ओतून टाकायची, आणि थर आकसला की वस्तू अलगद सुटून हातात येते. मात्र मॉडेलमध्ये कुठे आत वळलेली जागा असली की ती साच्यात अडकते. निघत नाही, आणि ओढली तर फाटते. कुठे अडकणार ते साचा काढणाऱ्यालाच आधी दिसतं. तुम्हाला ते दिसत नसे असं नाही. दिसत असून तुम्ही कातायचात.

आणि आपला एक नियम होता. साचा काढणारीने मॉडेलला पत्ती लावायची नाही. काही खटकलंच तर पेन्सिलने खूण करायची, आणि पुढे जे करायचं ते मॉडेल करणारी करेल. मी रेघ मारून ठेवायची. तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन ती रेघ वाचायचात, म्हणजे खरंच वाचायचात, चष्मा लावून. पटली तर तेवढं तासायचात. नाही पटली तर अंगठा ओला करून पुसून टाकायचात. मी पुन्हा मारायची. तोंडाने भांडण सुरू व्हायला चहाची वेळ व्हावी लागे. ही रीत कुणी घालून दिली होती ते आठवत नाही, पण त्यामुळे आपल्या शेडमधून निघालेली प्रत्येक वस्तू दोघींच्या तावडीतून सुटून आलेली होती.

जयंतीभाई तर आपल्या भांडणावर पोसलेले. सुरुवातीला मी त्यांना विचारायची, "साचा कुठे आहे?" आणि ते गोंधळायचे, कारण गुजरातीत साचा म्हणजे खरा. मग त्यांनी त्याची गंमत करून टाकली. नवीन साच्यातून पहिली वस्तू नीट सुटली की ओरडून सांगायचे, "बेन, आ साचो तो साचो नीकळ्यो." नाही सुटली की दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणायचे, "खोटो छे. कोनो वांक?" म्हणजे दोष कुणाचा. आपण दोघी एकदम एकमेकींकडे बोट दाखवायचो.

परवा स्वयंपाकघरातल्या फळ्यांकडे बघून हसू आलं. माती सुकताना आणि भट्टीत भाजताना आकसते, म्हणून मॉडेल आधीच मोठं करावं लागतं. दरवेळी गणित नको म्हणून तुम्ही एक पट्टी करून घेतली होती. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा लांब. तिच्याने मापलं की आकसायचा हिशेब आपोआप धरला जायचा. ती पट्टी तुमच्या हाताची इतकी झाली की एकदा तुम्ही घरी नेलीत आणि स्वयंपाकघराच्या फळ्यांचं माप तिच्यानेच सुताराला दिलंत. फळ्या आल्या त्या कोनाड्यात बसेनात. सुतार म्हणतो, बेन, माप तुमचं. तुम्ही म्हणता, माप बरोबर आहे. हे म्हणाले, "ताई, भिंत आकसली असेल." तुम्ही आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाहीत. फळ्या शेवटी तासूनच बसवल्या, पण चूक झाली असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला नाहीत. "लाकूड वांकडं होतं," एवढंच.

अशा माणसाला लोक शांत म्हणतात.

आता बशीचं बोलू. ते टाळून चालणार नाही.

सयाजीगंजात स्टेशनकडे चहाचं दुकान असलेले ते गृहस्थ आपल्याकडे आले, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. त्यांना नुसत्या बश्या हव्या होत्या. पिण्याच्या. कागदी कपात चहा देऊन ते कंटाळले होते. म्हणाले, "वडीलोने तो रकाबी ज जोईए." म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बशीच हवी. तुम्ही त्यांना खुर्चीत बसवून घेतलंत आणि बशीवर व्याख्यान दिलंत. बशी ही कपाखाली ठेवायची थाळी नाही, पिण्याचं भांडं आहे, तिची खोली किती हवी, बोटं कुठे टेकायला हवीत, ओठाला कुठे लागायला हवी. ते बिचारे ऐकत होते. मी मागे उभी राहून हसत होते. कराडच्या बैठकीत जे राहिलं होतं ते तुम्ही तीस-एक वर्षांनी पुरं करायला बसला होतात.

पहिलं मॉडेल झालं ते मला फार आवडलं. जरा खोल, काठ सरळ वर आलेला. एका तुकड्याचा साचा पुरला असता. मी एकही रेघ मारली नाही. तुम्ही म्हणालात, "बघू."

तोवर तुमचं दुखणं कळलं होतं. औषधं सुरू झाली होती आणि हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, औषधाने होतं. तुम्ही ते कुणाला दाखवत नव्हता. पण एका सकाळी तुम्ही चहा बशीत ओतलात, बशी उचललीत, आणि चहा काठावरून मनगटावर आला. तुम्ही चटकन पदराने पुसलंत आणि जयंतीभाईंना काहीतरी विचारायला लागलात. मी खिडकीतून बाहेर पाहत होते, असं मी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवं मॉडेल कातायला घेतलंत. हात टेकवायला लाकडाची आडवी पट्टी लावलीत, आणि पूर्वी दुपारपर्यंत होणारं काम आठवड्यावर नेलंत. झालं तेव्हा म्हणालात, "पत्यं एकदाचं." म्हणजे संपलं. काठ आत वळवलेला होता. थोडासाच, पण वळवलेला. चहा हिंदकळला तर आतल्या आत राहील असा.

ती बशी कुणासाठी होती ते मला तेव्हाच कळलं, वन्सं. स्टेशनवरच्या म्हाताऱ्यांसाठी नव्हती ती. मी पेन्सिल घेतली आणि काठाखाली गोल रेघ मारली.

काठ आत वळला की साचा दोन तुकड्यांचा करावा लागतो, खालचा वाटीसारखा आणि वरचा कड्यासारखा. दोन तुकडे आले की त्यांच्यामध्ये शिवण येते, आणि ती शिवण येणार बरोबर तिथे जिथे खालचा ओठ टेकतो. मी म्हटलं, ओठाला लागेल. तुम्ही म्हणालात, घासून घेता येते. मी म्हटलं, प्रत्येक बशी कोण घासत बसणार? तुम्ही म्हणालात, "तू नाही. जयंतीभाई घासतील. तुला काय वांधो?" मी रेघ मारायची, तुम्ही पुसायचात. प्लास्टर तेवढ्या जागी काळपट झालं. लोक म्हणतील, आजारी बाईशी कशाला वाद घालायचा. घरात सगळे तुमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. जे मागाल ते समोर येत होतं. तुम्ही काही म्हणालात की सगळे हो म्हणत होते. एकट्या माझ्याशी तुम्हाला भांडता येत होतं आणि त्या शिवणीवरून तुम्ही मला जे जे बोललात ते बोलताना तुमचा हात कमी थरथरायचा. मी बघून ठेवलं होतं. म्हणून मीही हट्ट सोडला नाही. शिवण मला खरंच नको होती, हेही तितकंच खरं.

अलकापुरीतल्या दवाखान्यात नेलं तेव्हाही तुम्ही विचारलंत, "साचा काढलास?" मी म्हटलं, काठाचं ठरल्याशिवाय कसा काढू. तुमचा आवाज अगदी खोल गेला होता. मी वाकले तर तुम्ही म्हणालात, "काठाला हात लावशील तर बघ." नंतर तुम्ही इतरांशी थोडं बोललात. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. दुसऱ्यांच्या नणंदा जाताना म्हणे हात हातात घेतात, घर सांभाळ म्हणतात. माझी मला दम देऊन गेली.

त्यानंतर मला सगळे हो म्हणायला लागले. हे फार वाईट आहे, वन्सं. मी यांना विचारलं, काठाचं काय करू. हे म्हणाले, तुझ्या मनाने कर. जयंतीभाईंना विचारलं, ते म्हणाले, तमे कहो एम. दुकानवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, सवडीने करा, बेन. मॉडेल तसंच घरी आणून काचेच्या कपाटात ठेवावं असं यांना मनातून वाटत होतं. ताईच्या हातचं शेवटचं काम. म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. पण तुम्ही स्वतःची जुनी मॉडेलं फोडून शेडच्या दारातल्या खड्ड्यात भरणाऱ्या. कपाटात ठेवलेलं मॉडेल म्हणजे न बोललेलं वाक्य. मी ते ठेवलं नाही.

मी तुमच्या शब्दाप्रमाणे केलं. काठाला हात लावला नाही. साबणाचे हात दिले, पुसले, पुन्हा दिले. प्लास्टर ओतलं. साचा दोन तुकड्यांचा काढला. सुकवला. जयंतीभाईंनी माती ओतली, बशी सुटली, त्यांनी शिवण ओल्या स्पंजने अशी घासली की ती कुठे होती ते मलाही सापडेना. बशी भाजली, झिलई दिली, पुन्हा भाजली. या सगळ्याला किती दिवस जातात ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्या सगळ्या दिवसांत मी शेडमध्ये कुणाशीही वाकडं बोलले नाही. जयंतीभाईंनी एकदा विचारलं, तबियत बराबर छे ने?

भट्टीतून बशी काढली तेव्हा दुपार होती. मी चहा केला, बशीत ओतला आणि ओठाला लावला. शिवण लागली नाही. अजिबात नाही. म्हणजे मी हिवाळाभर जे बोलत होते ते चुकीचं होतं. बशी आणखी कलती केली. चहा येईना. आत वळलेल्या काठाने तो धरून ठेवला होता. आणखी कलती केली आणि तो एकदम आला, सगळा, हनुवटीवर, गळ्यावर, साडीवर. जयंतीभाईंनाही दिली. त्यांचंही तेच झालं. ते शर्ट झटकत म्हणाले, "वन्साबेने पीधी ज नथी आमां." खरंच, तुम्ही तिच्यातून कधी प्यायलाच नाहीत. मीही नाही. आपण दोघी भांडत बसलो आणि दोघीही चुकलो. थरथरणाऱ्या हाताला तर ही बशी आणखी छळेल.

भाजलं होतं तरी मला हसायला आलं. अशी चूक निघाली की तुम्ही आधी लाकडाला दोष दिला असता, मग मातीला, मग जयंतीभाईंना, आणि मग चष्मा लावून गुपचूप नवा काठ कातायला बसला असतात. तिसरा. तुमचाही नाही आणि माझाही नाही. तिसरा काठ आपल्याला नेहमी असाच सापडायचा, दोन्ही पडल्यावर. हसता हसता मी थांबले. तो आता कोण कातणार हे तेव्हा लक्षात आलं.

जयंतीभाई म्हणाले, साच्यात प्लास्टर ओतून मॉडेलची नक्कल काढा आणि तिच्यावर काय करायचं ते करा, मूळ तसंच राहील. बरोबर होतं त्यांचं. पण मग माझं भांडण नकलेशी झालं असतं. मी तुमचं मॉडेलच चाकावर बसवलं. तुमची पत्ती घेतली. तुमचा शब्द मोडला आणि आपला नियमही मोडला, हे तुम्हाला लपवत नाही. मला तुमच्यासारखं कातता येत नाही. पत्ती दोनदा उडाली. आत वळलेला काठ उतरवत सरळ आणला, त्याहून जरा बाहेर, ओठाला वाट देण्यापुरता, आणि आतून हलकीशी जाडी ठेवली, चहा हिंदकळला तर तिथे अडावा म्हणून. तुमच्या काठाची पांढरी पूड माझ्या मांडीवर पडली होती. ती मी झटकली नाही, बराच वेळ. मग झटकली.

मॉडेल टेबलावर ठेवलं आणि माझ्या स्टुलावर येऊन बसले. साचा काढणारीच्या नजरेने पाहिलं. आतली ती जाडी जरा जास्त वाटली. पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. सवय. मारून झाल्यावर कळेना, ती वाचणार कोण. म्हणून उठले, टेबलाला वळसा घालून तुमच्या स्टुलावर जाऊन बसले, आणि चष्मा नीट करून ती रेघ वाचली. मला ती पटली नाही. एवढी जाडी हवीच होती. तावातावाने सांगायला मान वर केली, तर समोर माझा स्टूल रिकामा होता.